घरचा वार

"शनिवारी पहाटे निघू," बाबा फोनवर म्हणाले. "चारला. म्हणजे उजाडायच्या आत माथा गाठता येईल."

फोन हेडक्लार्क बावीस्करांच्या टेबलावर होता. पाटबंधारे खात्याच्या त्या कचेरीत आम्ही सातजण होतो, आणि माझ्याखेरीज बाकीचे सहाजण कागदांत मान घालून माझे बोलणे ऐकत होते. मी भिंतीकडे तोंड करून आवाज शक्य तितका खाली नेला.

"डॉक्टर चालायला हो म्हणाले का?"

"ओझं उचलू नका म्हणाले, वाकू नका म्हणाले. चालू नका असं काही म्हणाले नाहीत." पलीकडे, आमच्या कवठाण्यातल्या रतनशेठच्या दुकानात, कोणीतरी काट्यावर वजने टाकीत होते; तो आवाज मला ऐकू येत होता. मग बाबा म्हणाले, "एकट्याला जमणार नाही रे आता. चढ चढेन मी. उतारावर तुझा हात लागेल."

माझ्या वडिलांनी मला तोवर काहीही मागितले नव्हते.

मी "हो" म्हटले. आणखीही एक गोष्ट विचारायला हवी होती. ती ओठांपर्यंत आलीही होती, पण बावीस्करांनी घड्याळाकडे पाहिले आणि मी रिसीव्हर ठेवून दिला.

"पहाटे चारला?" बावीस्कर म्हणाले. "शास्त्रीबुवांनी भलताच लवकरचा मुहूर्त काढलेला दिसतो. मुलगी तरी दाखवलीय का आधी?"

सगळे हसले. अशा वेळी हसायची माझी पद्धत होती, तसा मीही हसलो.

ते सगळे आता फार मागे पडले आहे. कचेरीची ती इमारतही पाडली म्हणतात. पण त्या बुधवारी फोन ठेवताना माझ्या तळहाताला आलेला घाम मला अजून आठवतो, कारण पुढचे सारे त्या न विचारलेल्या एका प्रश्नातून निघाले.

बाबा पंचांग करीत. थोरल्या शहरांतून छापली जातात तसले जाडजूड नव्हे. आमच्या आसपासच्या चाळीस-पन्नास गावांपुरते, पिवळ्या कागदावरचे, आम्हा खरवंडीकरांचे पंचांग. वर्षभराचे सूर्योदय-सूर्यास्त ते हाताने मांडीत. आमचे गाव डोंगराच्या पायथ्याच्या खोलगटात. तिथे सूर्य दिसतो तोच मुळी सकाळच्या आठाला. म्हणजे जन्मभर ज्याच्या उगवण्याची मिनिटे त्यांनी मांडली, तो उगवताना त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. गावाच्या पूर्वेला भानकडा आहे. त्याच्या माथ्यावरून पलीकडचा सगळा सखल मुलूख उघडा पडतो, आणि बाबांच्या हिशेबाने तिथे सूर्य पंचांगातल्या वेळेपेक्षा थोडा आधी दिसायला हवा होता. दरवर्षी हस्तलिखितात मार्गशीर्षाच्या पानाखाली ते एक टीप लिहीत: 'भानकड्याच्या माथ्यावर सूर्योदय ....... मिनिटे आधी.' मधली जागा कोरी. आणि दरवर्षी छापखान्यात पाठवण्यापूर्वी ती ओळ खोडीत.

लहानपणी मी त्यांना विचारले होते, गणिताने आकडा निघतो तर लिहून का टाकत नाही? ते म्हणाले होते, "गणित म्हणजे अंदाज. टीप घालायची तर पडताळा हवा." वर जायचे मात्र राहून जाई. आई आजारी असे. पुढे ती गेली. मग मी नोकरीला लागलो. मग उजवा डोळा गेला. आता डाव्या डोळ्याचा पडदा सुटू लागला होता. सोमवारी जिल्ह्याच्या गावी शस्त्रक्रिया ठरली होती आणि डॉक्टरांनी यशाची खात्री अर्धीच दिली होती. रविवारी दुपारच्या गाडीने आम्ही दोघे निघणार होतो. त्याआधी एकदा वर जायचे होते, एवढेच.

आता तो प्रश्न. आमच्या घरात वार सूर्योदयाला बदलत असे. रात्री बारा वाजता काही घडते, हे बाबांना मान्यच नव्हते. रविवारचा सूर्य उगवेपर्यंत शनिवारच. त्यामुळे आमच्या घरी 'शनिवारी पहाटे' म्हणजे लोकांच्या हिशेबाने रविवारची पहाट. घरचा वार आणि लोकांचा वार, असे दोन शब्दच आमच्याकडे होते.

सहावीत असताना दिवाळीच्या सुटीत शाळेची सहल निघायची होती. गुरुजींनी सांगितले, शुक्रवारी पहाटे चारला एस.टी.च्या थांब्यावर या. मी तो निरोप जसाच्या तसा बाबांना दिला. बाबांनी मला तीनच्या सुमाराला उठवले, गरम पाण्याने आंघोळ घातली, दशम्या बांधून दिल्या आणि कंदील घेऊन थांब्यावर आणले. थांब्यावर एक कुत्रे होते. सहल आदल्याच पहाटे निघून गेली होती. आम्ही उजाडेपर्यंत तिथे उभे राहिलो. बाबा सारखे म्हणत होते, येतील, येतील. परतताना मी रडत रडत त्यांना म्हणालो, "माझ्याशी बोलताना लोकांचा वार धरत जा." त्यांनी कंदील तेवढा विझवला, उजाडून बराच वेळ झाल्यावर.

मोठा झाल्यावर मला त्या वाक्याची लाज वाटू लागली. पण क्षमा मागणे हा माझ्याच्याने कधी न झालेला प्रकार. मनात शंभरदा घोळवलेली वाक्ये माझ्या तोंडी येईपर्यंत ऐकणारा माणूस उठून गेलेला असे. म्हणून मी ठरवले की बोलायचे नाही, निदान वागायचे. त्या बुधवारी खोलीवर परतताना मी स्वतःला समजावले: बाबांचे आयुष्यभराचे स्वप्न, त्यांचा डोंगर, त्यांचा सूर्य, वारही त्यांचाच असणार. शनिवारी पहाटे म्हणजे रविवारी. आपण घरचा वार धरायचा.

हे सारे खरे आहे. पण संपूर्ण खरे नाही. लोकांचा वार धरला असता तर मला शुक्रवारी संध्याकाळीच निघावे लागले असते, आणि शनिवारची रजा बावीस्करांकडे मागावी लागली असती. रजेचा अर्ज मी बुधवारी लिहिला होता. गुरुवारी अक्षर नीट नाही म्हणून पुन्हा लिहिला. शुक्रवारी तो खणात होता. बावीस्कर समोरच बसले होते. दुपारी त्यांनी मला अर्धी सुपारीही दिली. तरी मी उठलो नाही. घरचा वार धरल्याने ती रजा मागण्याची गरजच उरत नव्हती. माझ्या मोठ्या मनाला माझ्या भिडस्तपणाची ही केवढी सोय झाली होती, ते मला फार उशिरा कळले.

शनिवारी चारच्या गाडीने मी निघालो. येताना बाजारातून तीन सेलची नवी बॅटरी घेतली होती आणि लोकरीच्या हातमोज्यांचे दोन जोड, एक त्यांच्यासाठी. सातला कवठाण्यात उतरलो तेव्हा थंडी पडू लागली होती. भानकडा आभाळावर काळा उभा होता, आणि वर एकही ढग नव्हता. मला आनंद झाला. तसा आनंद मला पुन्हा झाला नाही, म्हणून तो इथे नोंदवून ठेवतो.

बाबा ओटीवर बसले होते. दिवा लागलेला होता. त्यांच्या डाव्या गुडघ्याला धोतराच्या पट्टीने काहीतरी बांधले होते आणि हातावर बारीक ओरखडे होते. माझे लक्ष आधी तिकडे गेले नाही. मी पायरीवरूनच बॅटरी पेटवली आणि त्यांना दाखवली.

"बघा बाबा, कशी आहे."

झोत नीट त्यांच्या तोंडावर पडला होता. त्यांचे डोळे उघडे होते. पापणी लवली नाही.

"छान आहे," ते म्हणाले.

मी बॅटरी विझवली. पुन्हा पेटवली. ते माझ्या आवाजाच्या दिशेला, माझ्या थोडे डावीकडे पाहत होते.

"बाबा."

"बस. पाणी घेतलंस का?"

"बाबा, हे काय झालं?"

"बस आधी."

मी बसलो. त्यांनी हात पुढे करून माझा खांदा शोधला आणि तो सापडल्यावर हात काढून घेतला.

"काल शेवटच्या गाडीपर्यंत थांब्यावर होतो," ते म्हणाले. "वाटलं, तुला सवड झाली नसेल. कामाचा माणूस तू. संध्याकाळपासूनच डोळ्यापुढे एक काळं जाळं उतरत होतं. आणखी एक दिवस धीर निघेना. म्हणून पहाटे एकटाच निघालो."

"पण आपलं तर उद्या... तुम्ही शनिवारी पहाटे म्हणाला होतात."

"हो. आज शनिवार."

शेजारच्या घरात कोणीतरी भाकरी थापत होते. तो थपथप आवाज तेवढा येत होता. मग बाबांनीच अतिशय हळू विचारले, "तू कुठला वार धरलास?"

"घरचा."

त्यांनी मान हलवली. ती मान हलवणे मी आजही विसरू शकत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने अवघड उदाहरणाचे उत्तर बरोबर आणावे आणि गुरूला ते ठाऊक असू नये, तशी ती होती.

"मी लोकांचा धरला होता," ते म्हणाले. "तू सांगितलं होतंस ना. सहावीत."

मी त्यांच्या पायांशी तोंड लपवून बसलो असेन. मला नीटसे आठवत नाही. त्यांचे बोलणे मात्र आठवते. ते मला समजावीत होते. म्हणत होते, अरे, पाहिला मी. वर पोचलो वेळेत. अगदी थाळीसारखा आला, आधी नुसती कड आणि मग एकदम सगळा. उतरताना खिंडीच्या वरच्या अंगाला पायरी चुकली, आपटलो, आणि मग हे डोळ्याचं झालं. व्हायचंच होतं. पण पाहून झालं होतं रे आधी.

"किती वाजता?" मी विचारले.

"सहा अठ्ठेचाळीस. पंचांगात बावन्न दिलंय. चार मिनिटं आधी." थोडे थांबून ते म्हणाले, "उद्या तू जाऊन ये. एकाचा पडताळा धरत नाहीत. माझं मनगटावरचं घड्याळ ने. रेडिओशी लावलेलं आहे. पहिली कड दिसली की वेळ बघायची. अर्धा-पाव मिनिटाचासुद्धा हिशेब सांग."

रविवारी मी चारला निघालो. लोकांच्या रविवारी, आमच्या शनिवारी. निघताना ते जागे होते. त्यांनी ते घड्याळ स्वतः माझ्या मनगटाला बांधले, चाचपून, पट्ट्याचे भोक बोटाने शोधत. वाटेवर दव होते. वाळके गवत बॅटरीच्या उजेडात पांढरे दिसत होते. मी भराभर चढत होतो. मनात एकच विचार होता: निदान त्यांनी तो पाहिला. माझ्याशिवाय का होईना, पाहिला. त्या एका गोष्टीला धरून मी पाऊल टाकीत होतो, जसा उतारावर कोणाचा हात धरावा.

खिंड निम्म्याहून अधिक वाट चढल्यावर लागते. तिथे मी दम खायला थांबलो तेव्हा साडेपाच झाले होते. झोत सहज खाली फिरला आणि घाणेरीच्या जाळीत काहीतरी चकाकले. वाकून पाहिले. स्टीलचा पेला होता. जाळीत हात घातला तेव्हा बाबांची खांद्याची पिशवी मिळाली. तिच्यात चहाचा थर्मास, आतली काच फुटलेला. बूच लावलेलेच होते. आणि दुसरा एक पेला.

दोन पेले. मी मागून येऊन गाठेन, असे त्यांना तोवर वाटत होते.

पिशवी खिंडीच्या खालच्या अंगाला होती, वरच्या नव्हे. चहा कोणी प्याला नव्हता. मला उठून वर जायला हवे होते. माथा गाठायला अजून तास पुरे होता, आकाश स्वच्छ होते, घड्याळ रेडिओशी लावलेले होते. जगात कोणाला त्या आकड्याची गरज असेल तर ती खाली ओटीवर बसलेल्या एका माणसाला होती. हे सगळे मला त्या क्षणीही कळत होते. आणि मी तिथेच बसून राहिलो, ते दोन पेले मांडीवर घेऊन. जसा मी कचेरीत शुक्रवारी बसलो होतो, अगदी तसाच.

हळूहळू उजाडले. आधी दगड दिसू लागले, मग माझे हात. वरच्या वस्तीवरचा धोंडू गवळी दुधाची कासंडी घेऊन उतरत आला आणि मला पाहून थबकला.

"शास्त्रीबाबांचा अच्युत ना? सापडली व्हय पिसवी. काल लई हुडकली म्या."

मी विचारले, ते त्याला कुठे सापडले. तो अवघडला. कासंडी खाली ठेवून पागोट्याचा शेव सारखा करीत राहिला.

"पोराला काय बोलू नगं म्हनले व्हते."

"मला कळलंय, धोंडूदादा. फक्त कुठे ते सांगा."

"हितंच की. ह्याच दगडाला टेकून. अंधारातच पडल्याले, तवापास्नं बसून. म्या आलो तवा चांगलं लख्ख उजाडलं व्हतं बघ, आत्तासारखं." त्याने इकडेतिकडे पाहिले, जणू उजेडाची साक्ष काढीत होता. "पाऊल वाजलं तसं म्हनले, कोन? म्हनलं, म्या धोंडू. तर म्हनले, धोंडू, उजाडलं का रं?"

मी दोन्ही पेले पिशवीत ठेवले.

"म्हनलं, उजाडलं की बाबा. तर काय बोललेच न्हाईत. घटकाभरानं पुन्ना तेच. उजाडलं का? सगळी वाट उतरस्तवर तेच इचारत व्हते."

तो निघून गेला. मी घड्याळ पाहिले. सहा वाजून पंचावन्न मिनिटे झाली होती. डोंगराच्या खांद्यापलीकडे, माथ्यावर, जे व्हायचे होते ते होऊन गेले होते.

घरी पोचलो तेव्हा बाबा दारातच होते. पिशवी मी गोठ्याच्या आडोशाला ठेवून आत गेलो.

"किती?" त्यांनी विचारले.

वाटभर मी या प्रश्नाचे उत्तर शोधले होते. मी वर गेलोच नाही, हे सांगावे तर का गेलो नाही हे सांगावे लागले असते. आणि मग त्यांनी माझ्यासाठी रचलेली ती थाळी, ती कड, ते सारे मोडून पडले असते. मला वाटले, त्यांचे सांगणे खरे करणे एवढे तरी माझ्या हातात आहे.

"सहा अठ्ठेचाळीस," मी म्हणालो.

"अठ्ठेचाळीस?"

"हो. बरोबर चार मिनिटं."

त्यांचा चेहरा माझ्याकडे वळलेला होता. काही क्षण त्यावर एक प्रकारची उत्सुकता होती, आणि मग ती निघून गेली. दिव्याची वात कोणी खाली करावी तशी, हळूहळू.

"बरं," ते म्हणाले. "हात-पाय धू."

सोमवारी डॉक्टरांनी तपासून सांगितले की आता कापण्यासारखे काही राहिलेले नाही. आम्ही त्याच दिवशी परतलो.

मी कवठाण्याजवळच्या कालव्यावर बदली मागून घेतली. तो माझ्या हातून वेळेवर दिला गेलेला पहिला अर्ज. पंचांगाचे काम थांबले नाही. बाबा आकडे तोंडाने सांगत आणि मी ते लिहून घेई. पहाटे, त्यांच्या आंघोळीपूर्वी, आम्ही कामाला बसत असू. कंदिलाची गरज एकट्या मला असे.

पुढच्या आषाढात आम्ही मार्गशीर्षाच्या पानापाशी आलो. मागल्या वर्षीच्या हस्तलिखितावरून मी वाचून दाखवीत होतो, आणि तळाशी ती ओळ आली. ती त्यांनी तेव्हा नेहमीप्रमाणे खोडली होती, पण वाचता येत होती. मी वाचली. मधल्या कोऱ्या जागेपाशी थांबलो. तेव्हापासून मी या क्षणाची वाट पाहत होतो आणि त्याला भीतही होतो.

"चार घालू ना, बाबा?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"दोघांचा पडताळा झालाय," मी म्हणालो.

"दोन माणसं, दोन दिवस," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. शिकवताना असे तसा तो सरळ होता. "आणि आकडा तंतोतंत एकच. असं कधी होत नसतं, अच्युत. उगवण्यातला रोजचा पाऊण मिनिटाचा फरक तरी कुठे गेला?" मग बऱ्याच वेळाने, जणू माझ्याशी नव्हेच, ते म्हणाले, "मी तुला पाठवलं होतं, ते खरं काय ते कळावं म्हणून."

मला ते सगळे सांगायचे होते: खणातला अर्ज, दोन पेले, धोंडूचे शब्द. वाक्ये तयार होती. मी तोंड उघडले.

"ती ओळ घेऊ नकोस," ते म्हणाले.

मी नव्या पानावर लिहायला घेतलेली अक्षरे खोडली. लेखणी कागदावर खरखरली, आणि ती थांबेपर्यंत ते कान देऊन ऐकत होते.

"खोडलीस?"

"खोडली."

ते भिंतीला धरून उठले. आंघोळ, मग संध्या. संकल्पासाठी त्यांना रोज एवढे मात्र विचारावे लागे. दाराशी थांबून, माझ्या थोडे डावीकडे पाहत, त्यांनी विचारले, "आज वार कोणता रे?"

बाहेर अजून उजाडायचे होते. घरचा वार एक होता, लोकांचा दुसरा.